साक्ष देऊन घरी झोपता यावे



 या व्याख्यानमालेच्या संयोजकांनी मला विषय दिला तो असा: दोन समाजांत रक्त सांडल्यावर त्यांच्यातला विश्वास पुन्हा कसा उभा राहतो? या विषयावर बोलताना लोक बोस्नियाचे नाव घेतात, रवांडाचे घेतात. मीही ती नावे घेणार आहे. पण भंडाऱ्यात उभे राहून या विषयावर बोलायचे, तर पहिले नाव मोहाडी तालुक्यातल्या खैरलांजीचे घ्यावे लागते.

खैरलांजीत युद्ध कुठे झाले, असे कुणी विचारील. बरोबर आहे. युद्धाला दोन फौजा लागतात. तिथे एका बाजूला जमाव होता, त्याच्यामागे गप्प राहिलेले गाव होते, आणि दुसऱ्या बाजूला एक घर. त्यामुळेच हा प्रश्न तिथे जास्त अवघड होतो. बरोबरीचे दोन पक्ष भांडले तर त्यांना समोरासमोर बसवता येते. दीडशे-दोनशे घरांच्या गावात बौद्धांची घरे बोटांवर मोजण्याइतकी असतात, तिथे कोणाला कोणासमोर बसवणार?

घटना आपल्याला माहीत आहे, तरी तिचा क्रम पुन्हा सांगतो, कारण माझे सारे म्हणणे त्या क्रमातच आहे. भैय्यालाल आणि सुरेखा भोतमांगे या बौद्ध दांपत्याची खैरलांजीत थोडी शेती होती. मुले शिकत होती. शेतातून जाणाऱ्या रस्त्यावरून गावातल्या काही लोकांशी त्यांचा जुना वाद होता. शेजारच्या गावचे पोलीस पाटील या कुटुंबाच्या अडीअडचणीला धावून येत. सप्टेंबर 2006 च्या सुरुवातीला या पोलीस पाटलांना बेदम मारहाण झाली. मारणारे कोण, हे सुरेखाबाई आणि त्यांच्या मुलीने पोलिसांना सांगितले. 29 सप्टेंबरला आरोपींना अटक झाली आणि त्याच दिवशी ते जामिनावर सुटले. संध्याकाळी जमाव भोतमांग्यांच्या घरावर चालून गेला. सुरेखा आणि त्यांची मुले प्रियंका, सुधीर व रोशन अशा चौघांची हत्या झाली. प्रेते पुढे कालव्यात सापडली. भैय्यालाल त्या वेळी घरात नव्हते, म्हणून वाचले.

तीनच दिवसांनी, 2 ऑक्टोबरला, विजयादशमी होती. धम्मचक्र प्रवर्तनाला पन्नास वर्षे होत होती आणि नागपूरच्या दीक्षाभूमीवर लाखो लोक जमले होते. खैरलांजीतून नागपूर काही तासांच्या अंतरावर, पण ही बातमी तिथवर पुरती पोचली नव्हती. नोव्हेंबरमध्ये विदर्भात लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा महाराष्ट्राचे डोळे उघडले. आधीच्या तपासातल्या त्रुटी समोर आल्या, काही पोलीस आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांवर कारवाई झाली, तपास सीबीआयकडे गेला. सप्टेंबर 2008 मध्ये भंडाऱ्याच्या जलदगती न्यायालयाने अकरांपैकी आठ जणांना दोषी ठरवले, सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप सुनावली. 14 जुलै 2010 रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून पंचवीस वर्षांची शिक्षा दिली. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याची कलमे दोन्ही न्यायालयांत टिकली नाहीत. न्यायालयांचे म्हणणे असे की, हे सूडातून घडले, जातीच्या कारणावरून नव्हे.

या घटनेवर आणि निकालावर पुष्कळ लिहिले गेले आहे, आनंद तेलतुंबडे यांचे अख्खे पुस्तक आहे. मला त्यातला एकच धागा हातात घ्यायचा आहे. सूड म्हणजे कशाचा सूड? सुरेखाबाईंनी कुणाची जमीन हडपली नव्हती, कुणाला मारले नव्हते. त्यांनी जे पाहिले ते ठाण्यात सांगितले, एवढाच त्यांचा गुन्हा. म्हणजे न्यायालयांनी सांगितलेला हेतू जसाच्या तसा मान्य केला तरी निष्कर्ष असा निघतो की, या घराला साक्ष दिल्याची शिक्षा झाली. मग पुढचा प्रश्न विचारावाच लागतो. गावातल्या एखाद्या मोठ्या, भावकीवाल्या घराने हीच साक्ष दिली असती, तर सुटून आलेली माणसे त्याच दिवशी त्याच्या दारावर चालून गेली असती का? साक्ष कुणीही देऊ शकतो, पण ती दिल्यावर कुणाला मारता येते हे जातीने ठरले. सूड आणि जात अशी दोन खाती इथे वेगळी मांडताच येत नाहीत.

आज मला जे सांगायचे आहे ते इथूनच निघते. दोन समाजांत विश्वास आहे की नाही, हे कसे ओळखावे? आपण सहसा पाहतो की लोक एकमेकांकडे जेवतात का, एकत्र सण करतात का, शांतता समितीच्या बैठकीला येतात का. माझी कसोटी वेगळी आहे. गावातल्या सर्वांत लहान घराने सर्वांत मोठ्या घराविरुद्ध खरी साक्ष द्यावी, आणि त्या रात्री स्वतःच्या घरी निर्धास्त झोपावे. हे जिथे शक्य आहे तिथे विश्वास आहे. जिथे शक्य नाही तिथे बाकी सारे दिसायला चांगले असले तरी त्यावर भरवसा ठेवू नये.

ही कसोटी लावली की आपल्या काही आवडत्या समजुती हलतात. पहिली समजूत अशी की, माणसे एकमेकांत मिसळली की दुरावा जातो. आपला जिल्हा धानाचा. पावसाळ्यात पऱ्हे उपटायला आणि रोवणीला बांधीत उतरतात तेव्हा सगळ्या समाजांच्या बाया एका ओळीत वाकून काम करतात, चिखल सगळ्यांना सारखाच लागतो. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, रात्रभर दंडार चालते, तेव्हा बसायला जागा शोधणारा कोण कोणत्या मोहल्ल्यातला हे कुणी पाहत नाही. एवढी जवळीक धानाच्या प्रत्येक गावात असते आणि खैरलांजी हे धानाचेच गाव. तरीही वेळ आली तेव्हा ही जवळीक त्या घराच्या कामी आली नाही. एका बांधीत राबणाऱ्यांपैकी एकाच्या मालकीची ती बांधी असते आणि दुसऱ्याची मजुरी त्याच्या हातात असते. अशी जवळीक मालकाला माणूस ओळखायला शिकवते, पण मजुराला मालकाविरुद्ध बोलण्याचे बळ देत नाही.

दुसरी समजूत अशी की, वाद मिटला म्हणजे विश्वास आला. इथे मला आपल्या राज्याच्या एका मोहिमेबद्दल बोलले पाहिजे. 15 ऑगस्ट 2007 रोजी, गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या काळात, महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गावातले तंटे गावातच सामोपचाराने मिटावेत, कोर्टकचेरीचा खर्च वाचावा, हा तिचा हेतू. बांधावरून, धुऱ्यावरून, भावाभावांतल्या वाटणीवरून चालणारी कित्येक भांडणे या समित्यांनी मिटवली, हे नाकारण्याचे कारण नाही. पण मोहिमेत गुण होते, पुरस्कार होते आणि पुरस्काराची रक्कम होती. तंटा शिल्लक राहिला तर गावाचे नुकसान होणार, हे साऱ्यांना ठाऊक होते. अशा वेळी तक्रार मागे घ्यायला कुणाला सांगितले जाते? ज्याचे घर लहान त्याला. ‘गावाची इज्जत जाते’, ‘आपसात मिटवून टाका’, ‘पुढे इथेच राहायचे आहे ना’ ही वाक्ये कुणी दुष्टपणाने बोलत नाही. बहुतेक वेळा ती समजूतदार माणसेच बोलतात. पण प्रत्येक वेळी ती एकाच दिशेला बोलली जातात. पुढे खैरलांजीलाही तंटामुक्त गाव म्हणून पुरस्कार मिळाला आणि त्यावर टीकाही झाली. ज्या गावातला पीडित गावात राहतच नव्हता, त्या गावात तंटा उरणार तरी कसा? भैय्यालाल पुन्हा तिथे संसार मांडू शकले नाहीत. 20 जानेवारी 2017 रोजी नागपुरात हृदयविकाराने ते गेले, तोवर सर्वोच्च न्यायालयातले त्यांचे अपील निकाली निघाले नव्हते.

आता थोडे बाहेर पाहू. बोस्नियातल्या मोस्तार शहरात नेरेत्वा नदीवर 1566 साली बांधलेला जुना पूल होता. 9 नोव्हेंबर 1993 रोजी युद्धात क्रोएट तोफांनी तो पाडला. जगाने पैसा दिला, दगड जुन्याच पद्धतीने घडवले, आणि 23 जुलै 2004 रोजी पूल पुन्हा उभा राहिला. उद्घाटनाला देशोदेशींचे पाहुणे आले. पण त्याच देशात कित्येक ठिकाणी एकाच इमारतीत बोस्नियाक आणि क्रोएट मुलांच्या दोन वेगळ्या शाळा भरत राहिल्या, अभ्यासक्रम वेगळे, तासही वेगळे. खुद्द मोस्तारमध्ये 2008 नंतर थेट डिसेंबर 2020 पर्यंत नगरपालिकेची निवडणूकच होऊ शकली नाही, कारण कुणाच्या मताला किती वजन यावर एकमत होईना. पूल बांधणे सोपे गेले. तो ओलांडून गेल्यावर आपल्याला कोणते स्थान मिळणार, हे ठरवणे जड गेले.

रवांडाने वेगळी वाट धरली. 1994 मध्ये तिथे शंभर दिवसांत लाखो तुत्सी आणि त्यांना वाचवू पाहणारे हुतू मारले गेले. तुरुंगात लाखाहून अधिक संशयित, आणि नेहमीची न्यायालये त्यांचे खटले शतकभरातही उरकू शकली नसती. म्हणून गावागावात गवतावर भरणाऱ्या जुन्या पंचायतीला नवे रूप दिले गेले. तिला गाचाचा म्हणतात. 2005 पासून ती देशभर चालली, सुमारे 12,000 ठिकाणी, आणि 2012 मध्ये बंद झाली तोवर तिच्यापुढे एकोणीस लाखांहून अधिक प्रकरणे आली होती. ज्या टेकडीवर खून झाला तिथेच, शेजाऱ्यांच्या देखत, कुणी काय पाहिले ते सांगायचे. तिच्यात दोष पुष्कळ होते. खोटे आरोप झाले, आरोपींना वकील नव्हता, आणि सत्तेवर आलेल्या बाजूच्या गुन्ह्यांची दखल तिथे घेतली गेली नाही. साक्ष देणाऱ्यांना धमक्या आल्या, काहींचे जीव गेले. तरी तिच्यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. कित्येक कुटुंबांना आपल्या माणसांची प्रेते कुठे आहेत हे तिथेच पहिल्यांदा कळले, आणि तेही मारणाऱ्यांच्या बाजूच्या शेजाऱ्यांकडून. ते शेजारी बोलले नसते, तर ते कुणालाच कळले नसते.

आपल्या जवळचे उदाहरण भिवंडीचे. 1970 आणि 1984 या दोन्ही वर्षी भिवंडीत भीषण दंगली झाल्या. 1988 मध्ये तिथे आलेले पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. शहरातल्या प्रतिष्ठितांची शांतता समिती पूर्वीही होती. दंगल झाली की तिचे सदस्य पत्रक काढत. खोपड्यांनी समिती गल्लीत नेली, हिंदू आणि मुसलमान दोघांतले साधे लोक घेतले, आणि प्रत्येक समितीशी ठाण्यातला हवालदार, शिपाई जोडून दिला. बैठकीत गटार, पाणी, उधळलेली मुले असे रोजचे विषय. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबई जळत होती तेव्हा भिवंडी शांत राहिली. याची कारणे अनेक असतील, पण अभ्यासकांनी या समित्यांची आवर्जून दखल घेतली. अफवा आली की विचारायला ओळखीचा पोलीस होता आणि ओळखीचा शेजारी होता.

भिवंडीचा धडा जसाच्या तसा खैरलांजीला लागू होत नाही, हेही सांगितले पाहिजे. भिवंडीत दोन्ही समाज संख्येने आणि धंद्याने एकमेकांवर अवलंबून होते. खेड्यातल्या दोन घरांची बाजू समितीत बहुमताने चालत नाही. तिथे बहुमताचे वजन आधीच एका पारड्यात पडलेले असते. म्हणून त्या घराला गावाबाहेरचा आधार लागतो. तो आधार म्हणजे कायदा, आणि कायदा चालवणारे ठाणे, तहसील, न्यायालय. ‘गावचे गावात’ हे तत्त्व समान बळाच्या माणसांसाठी ठीक आहे. दुबळ्यासाठी गावाबाहेरचे दार उघडे असणे हाच गावात राहण्याचा आधार असतो.

डॉ. आंबेडकरांनी हे फार आधी ओळखले होते, आणि त्याचा एक प्रसंग आपल्याच जिल्ह्यातला आहे. 1954 मध्ये भंडारा लोकसभेच्या पोटनिवडणुकीत ते उभे होते. मतदारसंघ द्विसदस्य होता, एक जागा सर्वसाधारण, एक राखीव, आणि प्रत्येक मतदाराला दोन मते. म्हणजे राखीव जागेवरच्या उमेदवारालाही निवडून यायचे तर आपल्या समाजाबाहेरची मते लागणार. ते पडले. राज्यघटना लिहिणाऱ्या माणसाला या जिल्ह्याने लोकसभेत पाठवले नाही. त्या पराभवामागे पक्षांचे राजकारण होतेच. पण आपल्या मुक्तीसाठी इतरांच्या सदिच्छेवर विसंबावे लागणे किती जोखमीचे असते, ते त्या निकालात दिसले. म्हणून हक्क आधी हवेत, सदिच्छा त्यांच्या मागून येते.

आता प्रश्न असा की, भंडारा जिल्ह्याने काय करावे? माझ्या सूचना मोठ्या नाहीत, आणि त्यांतल्या बऱ्याचशा आजच्या कायद्यात बसतात.

पहिली सूचना साक्षीदाराबद्दल. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात 2015 साली दुरुस्ती झाली, ती जानेवारी 2016 पासून लागू आहे. पीडित आणि साक्षीदार यांच्या हक्कांवर त्यात वेगळे प्रकरण आहे: संरक्षण, प्रवासखर्च, पुनर्वसन, खटल्याची माहिती मिळण्याचा हक्क. महाराष्ट्राने 2017 मध्ये साक्षीदार संरक्षणाचा स्वतंत्र कायदा केला, आणि डिसेंबर 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी योजना मान्य केली. सुरेखाबाईंच्या वेळी हे वेगळे प्रकरण, हा स्वतंत्र कायदा आणि ही योजना नव्हती. आज आहे. पण आरोपी जामिनावर सुटतो त्या दिवशी साक्षीदाराला ठाण्यातून निरोप जातो का, त्या रात्री गस्त त्या घरावरून जाते का, हा प्रश्न प्रत्येक ठाण्याला विचारायला हवा. 29 सप्टेंबर 2006 ची संध्याकाळ कदाचित एवढ्याने टळली असती.

दुसरी सूचना जमिनीबद्दल. खैरलांजीच्या मुळाशी शेतातल्या रस्त्याचा वाद होता. शेतरस्त्याचा निर्णय देण्याचे अधिकार तहसीलदाराला महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 143 ने आणि 1906 च्या मामलेदार न्यायालय कायद्याने दिलेले आहेत. पांदण रस्त्यांची मोजणी, नोंद आणि निकाल वेळेवर झाला, तर दर पावसाळ्यात तोच वाद जातीची भाषा घेऊन परत येत नाही. बैलगाडी कुठून जाणार हा साधा प्रश्न पाच-दहा वर्षे लोंबकळत ठेवला की तो प्रश्न साधा राहत नाही.

तिसरी सूचना समित्यांबद्दल. अत्याचाराची तक्रार गावातल्या समेटाचा विषय होऊ नये, हे गावसभेच्या ठरावात लिहून घ्यावे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा दक्षता समिती असते, दर तीन महिन्यांनी तिची बैठक होणे नियमाने बंधनकारक आहे. त्या बैठकीत काय झाले हे भंडारा, तुमसर, पवनी, साकोलीच्या वाचनालयांतून लोकांना वाचायला मिळावे.

चौथी सूचना कामाची. मिसळण्याने बळ येत नाही असे मी म्हणालो, पण बरोबरीच्या मालकीने येते. आपल्याकडे माजी मालगुजारी तलाव आहेत, मच्छीमारांच्या सहकारी संस्था आहेत, पाणी वापर संस्था आहेत, महिलांचे बचतगट आहेत. ज्या संस्थेत लहान घरातल्या बाईची सही धनादेशावर लागते, तिथे मोठ्या घराला तिच्याशी नीट बोलावेच लागते. हे नाते सहभोजनाहून टिकाऊ असते.

काहीजण म्हणतील, जुने उकरून कशाला काढता? खैरलांजीच्या साऱ्या लोकांनी खून केला नव्हता. नुसते गावाचे नाव सांगितले की लोक वेगळ्या नजरेने पाहतात. 2006 साली जन्मलेली मुले आता मतदार झाली, त्यांचा काय दोष? या म्हणण्यात तथ्य आहे, आणि मी ते हलक्यात घेत नाही. निरपराधांवर डाग राहू नये हे मलाही वाटते. पण तो डाग विसरण्याने पुसला जात नाही. भंडाऱ्याच्या न्यायालयात खटला उभा राहिला तो प्रत्यक्षदर्शींच्या साक्षींवर. गावातली काही माणसे पुढे आली, शेजाऱ्यांविरुद्ध बोलली, उलटतपासणीला सामोरी गेली. आठ जणांना शिक्षा झाली ती अशा माणसांमुळे. खैरलांजीच्या नव्या पिढीला अभिमानाने सांगता येईल अशी गोष्ट कुठली असेल, तर ती हीच आहे. गावाचे नाव परत मिळवायचे तर तंटामुक्तीच्या प्रमाणपत्राने ते मिळणार नाही, या साक्षीदारांचे आपण ऋणी आहोत असे गावाने उघडपणे म्हणावे लागेल.

शेवटी एवढेच. विश्वास ठेवा, असे आपण पीडितांना नेहमी सांगतो. ज्यांचे सगळे गेले त्यांच्याकडूनच पुन्हा पहिले पाऊल मागतो. हा हिशेब उलटा आहे. ज्यांच्याकडे जमीन आहे, संख्या आहे, समितीचे अध्यक्षपद आहे, पहिला धोका त्यांनी पत्करायचा असतो, आणि तो धोका म्हणजे आपल्याच माणसाविरुद्ध खरे बोलणे. मोहाडीच्या ठाण्यात उद्या एखादी बाई तक्रार घेऊन आली, आणि तिच्यासोबत तिच्या समाजाबाहेरचा एक शेजारी ‘मीही पाहिले आहे’ असे सांगायला उभा राहिला, तर या जिल्ह्यात विश्वासाची सुरुवात झाली असे मी समजेन. तो शेजारी कोण होणार, याचे उत्तर आज या सभागृहातल्या प्रत्येकाने स्वतःपुरते द्यायचे आहे.